प्रश्न तुमचे: फाइल सिस्टिम ‘क्लीन’, डेटाबेस मात्र उघडेना

प्रश्न: मी एका ग्रंथालयाचा देवघेवीचा डेटाबेस सांभाळते. सर्व्हरवर लिनक्स, साधी फिरती डिस्क, तिच्यावर ईएक्सटी४ (फाइली डिस्कवर मांडून ठेवणारी फाइल सिस्टिम). रात्री हजारो नोंदी एकदम भराव्या लागतात आणि त्याला फार वेळ जातो. एका सहकाऱ्याने माउंटचे (फाइल सिस्टिम वापरासाठी जोडतानाचे) तीन पर्याय सुचवलेत: डेटा=राइटबॅक, नोबॅरिअर आणि कमिट=६०. यूपीएस आहे, तेव्हा काही बिघडणार नाही, असं तो म्हणतो. घालू का?

उत्तर: तिसऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, पहिल्याने फारसं काही हाती लागणार नाही, आणि मधल्याला कृपा करून हात लावू नका.

मधल्यापासूनच सुरू करतो, कारण त्याचे चटके मी खाल्ले आहेत. फाइल सिस्टिम कुठलाही रचनेचा बदल आधी जर्नलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका नोंदवहीत, लिहिते आणि त्याखाली कमिटचा ब्लॉक टाकते. हा ब्लॉक म्हणजे सही: वरचा मजकूर पूर्ण आहे, बिनधास्त अंमलात आणा. आता डिस्कच्या पोटात स्वतःचा कॅशे, म्हणजे तात्पुरती मेमरी, असतो आणि ती आपल्या सोयीने लिहिण्याचा क्रम बदलते. सही आधी पडली आणि मजकूर कॅशेतच असताना वीज गेली, तर कोऱ्या कागदावर सही. बॅरिअर हे होऊ देत नाही. सहीच्या आधी आणि नंतर डिस्कला कॅशे रिकामा करायला लावतं. नोबॅरिअर म्हटलं की ही सक्ती गेली. वेग वाढतो तो यामुळेच.

काही वर्षांपूर्वी मी एका सर्व्हरवर हेच केलं होतं. वेग डोळ्यांत भरेल इतका वाढला आणि मी दोन-चार जणांना फुशारकीने सांगूनही टाकलं. तीन महिने काही झालं नाही. मग एके दिवशी यूपीएस उत्तम चालू असताना मशीनच्या आतला पॉवर सप्लाय जळाला. नवा बसवला, जर्नल रिप्ले झालं (त्यातले बदल पुन्हा अंमलात आले), फाइल सिस्टिम ‘क्लीन’ म्हणाली, माझा जीव भांड्यात पडला. डेटाबेस मात्र उघडेना. त्याने एफसिंक करून (मजकूर डिस्कवर उतरवायचा हुकूम देऊन) ‘डिस्कवर पोचलं’ असं समजून सोडून दिलेली पानं डिस्कवर कधी उतरलीच नव्हती. पुढचे दोन दिवस आदल्या रात्रीचा बॅकअप आणि कागदावरच्या नोंदी समोर ठेवून काढले.

तेव्हा तुमच्या सहकाऱ्याला एवढंच सांगा की यूपीएस भिंतीतली वीज सांभाळतो. मशीनच्या आतलं काही जळालं किंवा कुणाचा पाय वायरीत अडकला, तर तो काय करणार? बॅटरीवर चालणारा कॅशे असलेला कंट्रोलर किंवा आत कपॅसिटर असलेली एसएसडी असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथे कॅशे रिकामा करण्याचा हुकूम झटकन पुरा होतो, म्हणजे बॅरिअर काढून वाचणार ते काय! एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमने तर हा पर्याय ४.१९ कर्नेलपासून काढूनच टाकला.

आता राइटबॅक. मुळातली पद्धत ‘ऑर्डर्ड’: फाइलमधला मजकूर आधी डिस्कवर, त्याची मेटाडेटातली (फाइलच्या रचनेच्या माहितीतली) नोंद नंतर. राइटबॅकमध्ये हा क्रम पाळला जात नाही. मशीन मध्येच बंद पडलं तर नव्या फाइलमध्ये पूर्वी कुणीतरी पुसलेल्या फाइलचे तुकडे दिसू शकतात. अनेकांचं सामान असलेल्या सर्व्हरवर ही गोष्ट नुसती गैरसोयीची नाही, धोक्याची आहे. ईएक्सटी४च्या आधीच्या ईएक्सटी३च्या काळात एका छोट्या फाइलच्या एफसिंकपायी बाकी सगळ्यांचा साचलेला मजकूरही डिस्कवर ढकलावा लागे, तेव्हा राइटबॅकचा मोह समजण्यासारखा होता. ईएक्सटी४ जागा नेमून देणंच लांबणीवर टाकते, त्यामुळे ते दुखणं बरंच कमी झालंय. शिवाय रूट फाइल सिस्टिमसाठी हा पर्याय सरळ एफएसटॅबमध्ये (माउंटचे पर्याय जिथे लिहितात त्या फाइलमध्ये) लिहिलात, तर बूट होताना रीमाउंट नाकारलं जातं आणि ती रीड-ओन्लीच राहते. विचारू नका मला कसं माहीत.

कमिट=६० म्हणजे जर्नल दर ५ सेकंदांऐवजी ६० सेकंदांनी पक्कं करायचं. डेटाबेस स्वतः एफसिंक करतो आणि एफसिंक या ठरलेल्या वेळच्या कमिटची वाट पाहत थांबत नाही, म्हणून तुमचं नुकसान नाही. त्याच कारणाने तुमचा फायदाही नाही.

खरी गाठ मला दुसरीकडे दिसते. तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक नोंद वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकदम पक्क्या होणाऱ्या गठ्ठ्यात) भरत असणार. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. प्रत्येक एफसिंकला एक फेरा धरला तरी १०,००० नोंदींना ८३ सेकंद, आणि प्रत्यक्षात एकाहून जास्त फेरे लागतात. पाचशे-पाचशे नोंदींचं एक ट्रान्झॅक्शन करा. १०,००० एफसिंकचे २० होतील. मध्ये वीज गेली तर चालू गठ्ठा पुन्हा भरायचा, बस. आणि या डिस्कवर कधी चाचणीत सेकंदाला हजारो एफसिंक दिसले, तर खूश होऊ नका. मधलं कुणीतरी, न लिहिताच ‘लिहिलं’ म्हणत, खोटं बोलतंय.

प्रश्न: माझा छोटा प्रोग्रॅम सेटिंग्जची फाइल पुन्हा लिहितो. लॅपटॉप अचानक बंद पडला की कधीकधी ती शून्य बाइटची होते. जर्नल असून असं का?

उत्तर: जर्नल रचना सांभाळतं, तुमचा मजकूर नव्हे. तुम्ही फाइल रिकामी करून उघडता. रिकामं होणं पक्कं होतं आणि नवा मजकूर अजून मेमरीतच असतो. २००९मध्ये ईएक्सटी४वर नेमकी हीच ओरड झाली होती. कर्नेल २.६.३०पासून अशा नेहमीच्या प्रसंगांत मजकूर लवकर डिस्कवर धाडायची सोय आली, पण तिच्यावर विसंबू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहा, तिला एफसिंक करा, मग रिनेम करून जुन्या नावावर बसवा. अगदी काटेकोर राहायचं तर शेवटी फोल्डरलाही एफसिंक. मग जुनी फाइल मिळेल किंवा नवी.

प्रश्न: मग डेटा=जर्नल का लावू नये? मजकूरही जर्नलमध्ये जाईल ना?

उत्तर: जाईल, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाईल. मोठ्या फाइली असतील तर रडाल. छोट्या छोट्या लेखनांना सारखं एफसिंक करणाऱ्या कामात मात्र कधी कधी हाच पर्याय पुढे निघतो, कारण जर्नलमध्ये सलग लिहिलं की एफसिंकचं काम झालं. तुमच्या कामावर मोजून पाहा. माझ्या शब्दावर जाऊ नका.