फिनिश ‘स्युन्त्तॅरित’: वाढदिवस एक, शब्द अनेकवचनी

प्रश्न असा आहे: फिनिश लोक बोलताना वाढदिवसाला ‘स्युन्त्तॅरित’ म्हणतात. हा शब्द आला कुठून, आणि एकाच माणसाच्या एकाच वाढदिवसाला अनेकवचन कशाला?

मूळ शब्द ‘स्युन्त्युमॅपॅइवॅ’. ‘स्युन्त्युमॅ’ म्हणजे जन्म, ‘पॅइवॅ’ म्हणजे दिवस. (‘स्यु’मधला स्वर ‘ई’ म्हणताना ओठ ‘ऊ’सारखे गोल केले की निघतो.) बोलीने या लांबलचक शब्दाचं फक्त तोंड ठेवलं, ‘त’चं द्वित्त केलं आणि बोलीतला लाडका प्रत्यय जोडला. हा प्रत्यय स्वर बघून बदलतो: इथे ‘-ॅरि’, पण नव्या घराच्या मेजवानीला ‘तुपारित’, कारण ‘तु’मधल्या ‘उ’ला पुढे ‘आ’ लागतो.

शेवटचा ‘त’ अनेकवचनाचा. फिनिशमध्ये समारंभांची नावं बहुधा अनेकवचनीच असतात: लग्न ‘हॅऽत’, अंत्यविधी ‘हाउतायाइसेत’. आपणही ‘अंत्यसंस्कार करण्यात आले’ म्हणतोच की! व्याकरण हे अनेकवचन अगदी मनापासून पाळतं. दोन वाढदिवसांना जायचं असेल तर साधा ‘काक्सि’ (दोन) चालत नाही, त्याचंही अनेकवचन करून ‘काह्देत स्युन्त्तॅरित’ म्हणावं लागतं. क्रियापद मात्र बोलीत एकवचनीच राहतं: ‘मुन स्युन्त्तॅरित ओन लाउआन्ताइना’, माझा वाढदिवस शनिवारी आहे. प्रमाणभाषेत ‘ओन’च्या जागी ‘ओवात’ येईल.

शिकणारे अडतात ते विभक्तीत. अनेकवचनाचा ‘इ’ लागला की शब्दातला शेवटचा ‘इ’ ‘ए’ होतो: वाढदिवसाला (जाणे) ‘स्युन्त्तॅरेइल्ले’, वाढदिवसात ‘स्युन्त्तॅरेइल्लॅ’, वाढदिवसाहून ‘स्युन्त्तॅरेइल्तॅ’. ‘लग्नात’ म्हणायला मात्र दुसरी विभक्ती, ‘हॅइस्सॅ’. तिच्या चालीवर वाढदिवस चालवला की कानाला खटकतं. द्वित्ताची चूकही हमखास होते. ‘तोन्त्ति’ (जमिनीचा तुकडा) षष्ठीत ‘तोन्तिन’ होतो, म्हणून इथेही एक ‘त’ गाळला जातो. पण ते गळणं ‘बंद’ अक्षरापूर्वी, म्हणजे व्यंजनान्त अक्षरापूर्वी होतं. इथलं ‘तॅ’ कुठल्याही विभक्तीत स्वरान्तच राहतं, त्यामुळे द्वित्त टिकतं.

समासात अनेकवचनाचा ‘त’ गळतो: केक ‘स्युन्त्तॅरिकाक्कु’, भेट ‘स्युन्त्तॅरिलाह्या’. अर्जात जन्मतारीख विचारलेली असेल, तर तिथे ‘स्युन्त्युमॅआइका’ लिहिलेलं दिसेल.