बोनेट बंद होत नाही, चेंबर बसत नाही : गॅरेजकाकांची उत्तरं

प्रश्न : नमस्कार काका, माझ्याकडे आजोबांची १९७६ची अँबेसेडर मार्क ३ आहे, हँड गिअरवाली, म्हणजे गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी. जुनं १४८९ सीसीचं इंजिन धूर टाकायला लागलं म्हणून कॉन्टेसाचं इसुझू १८०० इंजिन ५ गिअरच्या बॉक्ससकट आणलं. चेनब्लॉकला लावून ३ वेळा आत सोडलं, पण चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) क्रॉसमेंबरवर (पुढच्या चाकांमधल्या आडव्या लोखंडी तुळईवर) टेकतो, आणि फाउंडेशनखाली (इंजिनच्या रबरी बैठकीखाली) पॅकिंग देऊन वर उचललं की एअर क्लीनर लागून बोनेट बंद होत नाही. डेंटर म्हणतो बोनेट कापून कुबड काढू, मेस्त्री म्हणतो क्रॉसमेंबर गॅसने कापून खाच मारू. कोणाचं ऐकू? – वाचक, देवगड

उत्तर : दोघांचंही नको ऐकू बाबा. ते दोघं आपापल्या हत्याराने विचार करतात, डेंटरला सगळीकडे पत्राच दिसतो.

इंजिन त्या गाडीत बसतं की नाही ही शंका आधी काढून टाक, कारण कंपनीनेच ९०च्या दशकात अँबेसेडर १८०० आयएसझेड म्हणून हेच १८१७ सीसीचं इंजिन घालून विकली होती. मग तुझं अडतंय कशाने? कॉन्टेसा मूळची व्हॉक्सहॉलची आणि अँबेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्डची, दोघींचा खालचा सांगाडाच वेगळा, त्यामुळे एकीच्या क्रॉसमेंबरच्या हिशोबाने केलेला चेंबर दुसरीत बसेलच असं नाही. त्यात तुझं जुनं इंजिन पुशरॉडवालं, म्हणजे कॅमशाफ्ट खाली, आणि इसुझूचा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, म्हणून डोकं उंच. म्हणजे आधी भंगारवाल्यांकडे फोन फिरव, आयएसझेडचा चेंबर, ऑइल पंपाची जाळी आणि फाउंडेशन ब्रॅकेट मिळाले तर अर्धं काम तिथेच संपलं.

नाही मिळाले तर मग खालून सुरुवात करायची, वरून नाही. बोनेट सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, बोनेट डोळ्यासमोर असतं ना.

तुझी गाडी हँड गिअरची, म्हणजे खाली गिअरच्या लिव्हरचं भोक अजून पाडलेलंच नसेल, हो ना? मग इंजिन इंचभर मागे सरकवायला तुला कोण अडवतंय? डॅशच्या पत्र्यापर्यंत किती जागा आहे ते बघ, मागे सरकून चेंबरचा खोल भाग क्रॉसमेंबरच्या मागे पडत असेल तर वर उचलायची गरजच नाही, भोक मग तिथे पाड जिथे लिव्हर येईल. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट तसाही लेथवर कापून बॅलन्स करून घ्यावाच लागणार आहे, तो मात्र इंजिन कायमचं बसल्यावरच कापायचा, आधी नाही!

आता मापाचं. डोळ्याने अंदाज घेऊ नकोस. तुमच्याकडे गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यातून, मूठभर शाडू आण, घट्ट मळून लिंबाएवढे गोळे कर, पावडर लावून एअर क्लीनरवर, हेडच्या कव्हरवर, चेंबर आणि क्रॉसमेंबरच्या मध्ये ठेव. गाडी चारही चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही. बोनेट हळू टेकव, उचल, गोळा मधोमध ब्लेडने काप आणि जाडी मोज. वर २० मिमी तरी पाहिजे, कारण रेस केली की इंजिन रबरावर एका बाजूला झुकतं, उभ्या गाडीत मोकळं दिसलेलं चढावर थडाथड आपटतं. खाली १२-१५ मिमी चालेल. मेनफोल्डपासून (धुराच्या तापणाऱ्या नळ्यांपासून) ब्रेकचा पाइप आणि वायरिंग बोटभर लांब हवं. आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघ, सरळ चाकांवर सगळंच बसतं.

तरी चेंबर अडलाच तर चेंबर काप, क्रॉसमेंबर नको. पुढची सगळी चाकं-सस्पेन्शनची ताकद त्याच्यावर उभी आहे. शिवाय आपल्याकडची खारी हवा, कापलेली कड आतून दिसत नाही आणि दोन पावसाळ्यांत पापड होतो तिचा. चेंबर अडतो तिथे उथळ करायचा आणि तेवढंच ऑइल मावायला बाजूला फुगवायचा. हे बाजूचं फुगवणं कंटाळ्याने टाळू नकोस, मी टाळलं होतं. माझ्या जुन्या जीपचा चेंबर २ इंच कापला, आंबोली घाट उतरताना ऑइल सगळं पुढे गेलं, जाळीने हवा ओढली, लाल दिवा लुकलुकला, मी म्हटलं वायर लूज असेल. सावंतवाडीत पोचेपर्यंत बेअरिंग वाजायला लागले. चेंबर बदलला की जाळीसुद्धा बदलायची, जाळी आणि तळ यात ८-१० मिमी अंतर ठेवायचं.

वेल्डिंग झाल्यावर चेंबरला बाहेरून खायचा चुना पातळ करून फासायचा, वाळला की आत रॉकेल ओतून रात्रभर ठेवायचं. रॉकेल आता मिळत नाही म्हणा, डिझेल चालतं. सकाळी पांढऱ्या चुन्यावर टाचणीच्या टोकाएवढा जरी काळपट डाग दिसला तरी तिथे भोक आहे.

एवढं करून बोनेटला अर्धा इंच कमी पडला तर एअर क्लीनर चपटा लाव किंवा बाजूला नेऊन पाइपने जोड. कुबडाची वेळ येणार नाही असं मला वाटतं.

प्रश्न : काका, बाबांनी असंच मोठं इंजिन बसवून घेतलंय, काम छान झालंय पण मागे तिघं बसले की स्पीडब्रेकरवर खालून धाड असा आवाज येतो, आणि साठच्या पुढे सीट थरथरते. एकटी चालवते तेव्हा धाड होत नाही. – वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, शाफ्ट बोगद्याच्या, म्हणजे तो ज्याच्याखालून जातो त्या फुगीर भागाच्या, पत्र्याला लागतोय. डिकीत आणि मागच्या सीटखाली जांभ्याचे चिरे भरा, पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) पूर्ण बसेपर्यंत, आणि मग खाली बघा, पत्र्यावर घासल्याची चकचकीत रेघ सापडेल. तिथला पत्रा हातोड्याने वर घ्यायचा, कापायचा नाही, आणि लगेच झिंक प्रायमर मारायचा. थरथर वेगळी. इंजिन मागे जास्त झुकवून बसवलेलं असणार, गिअरबॉक्सची शेपटी आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगचं तोंड समांतर नसेल तर शाफ्टचे दोन्ही क्रॉस (टोकांचे सांधे) एकमेकांचं फिरणं खोडत नाहीत. मोबाइलमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असतं, ते दोन्हीकडे टेकवून बघा, फरक असला तर गिअरबॉक्सखालच्या पट्टीला वॉशर देऊन जुळवा. मगच शाफ्टच्या बॅलन्सिंगला पैसे घालवा.

प्रश्न : इंजिन बदललं तर पासिंगला त्रास होतो का? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसी वेगळी पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. म्हणून इंजिन विकत घ्यायच्या आधी आरटीओत लेखी विचारा, नंतर नाही. देवगडवाल्या, तूही ऐक, २०२१च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण इंजिन-चेसिसमध्ये मोठे बदल केलेले चालत नाहीत. अर्थात व्हिंटेज झाली की ती रोज बाजारात नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांनाच काढायची. तेव्हा आजोबांची गाडी मिरवायची की चालवायची ते आधी घरात ठरव, आणि काही ठरलं तरी ते जुनं १४८९चं इंजिन भंगारात घालू नकोस, ग्रीस लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडवीत ठेव.