खाण आणि इन्फ्रा प्रोजेक्ट फायनान्समध्ये वकिलाचं काम म्हणजे साच्यात नावं भरणं का?

प्रश्न असा आहे: 'मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. मायनिंग आणि इन्फ्रा प्रोजेक्ट फायनान्समध्ये वकिलाचं काम म्हणजे तयार करारांत नावं आणि आकडे भरणं, असं सीनिअर सांगतात. खरं का? आणि परदेशातून एलएलएम न करता या क्षेत्रात शिरकाव होतो का?'

खरं नाही. ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं त्यांनी बहुधा दुसऱ्या कुणी केलेल्या ड्यू डिलिजन्सवर, म्हणजे कर्जाआधीच्या कायदेशीर तपासणीवर, आपली सही केली आहे. फॅसिलिटी अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे कर्जाचा मुख्य करार, साच्यातलं असतं, हे कबूल. कन्सोर्टियममधल्या, म्हणजे मिळून कर्ज देणाऱ्या गटातल्या, प्रत्येक बँकेला ओळखीचेच शब्द हवे असतात आणि त्यात गैर काही नाही. पण करारात एखादं कलम राहून गेलं म्हणून कर्ज बुडाल्याचं मी क्वचितच पाहिलंय. कर्ज बुडतं ते माल जमिनीतून निघून गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही म्हणून. प्रोजेक्ट फायनान्समध्ये बँक प्रवर्तकाच्या, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्याच्या, ऐपतीकडे बघून पैसे देत नाही, ती त्या प्रकल्पाच्या भावी कमाईवर देते. मग ती कमाई ज्या हक्कावर उभी आहे तो हक्क आहे का, कुठून कुठपर्यंत आहे आणि उद्या तो कोण काढून घेऊ शकतं, हे बघणं म्हणजेच वकिलाचं काम. बाकीचं टायपिंग.

मी बँकांच्या बाजूने काम करते. काही वर्षांपूर्वी झारखंडातल्या एका लोहखनिजाच्या खाणीचं कर्ज आमच्याकडे आलं होतं. डेटा रूम, म्हणजे तपासणीसाठी एकत्र ठेवलेली प्रकल्पाची कागदपत्रं, बघून कुणाचंही समाधान झालं असतं. नोंदणीकृत लीज डीड (खाणपट्ट्याचा करार), पर्यावरण मंजुरी, वनजमिनीसाठी स्टेज-टूची अंतिम मंजुरी, सगळं जागच्या जागी. फायनान्शियल मॉडेलमध्ये खनिज खाणीतून डंपरने रेल्वे सायडिंगला, म्हणजे माल गाडीत भरायच्या रुळांपाशी, जातं असं धरलेलं होतं. बँकेच्या इंजिनिअरच्या अहवालात 'अ‍ॅक्सेस रोड अस्तित्वात आहे' असं एक वाक्य होतं आणि खाली लाल मातीच्या रस्त्याचा फोटो.

मला ते वाक्य खटकलं. रस्ता अस्तित्वात असणं वेगळं आणि त्यावरून रोज भरलेले डंपर न्यायचा हक्क असणं वेगळं. लीजची हद्द खाणीभोवती संपत होती आणि सायडिंग त्या हद्दीच्या बाहेर होतं. मधली जमीन कुणाची, याबद्दल डेटा रूममध्ये एक ओळसुद्धा नव्हती. मी गावाचा महसुली नकाशा मागवला. सोळा इंचाला एक मैल या प्रमाणाचा, कापडावर चिकटवलेला जुना नकाशा आला. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून लीजच्या खांबांचे कोऑर्डिनेट्स उतरवले, मग रस्त्याची रेघ ओढली आणि ती ज्या ज्या प्लॉटमधून जाते त्यांचे नंबर लिहून काढले. त्या नंबरांचे खतियान, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या नोंदी, जुन्या कैथी लिपीत होते. तिथल्या तालुका कोर्टातल्या एका वयस्क वकिलांनी ते मला शेजारी बसवून वाचून दाखवले. बरेचसे प्लॉट गैरमजरुआ, म्हणजे सरकारी. त्यातल्या काहींच्या नोंदीत जमिनीचा प्रकार लिहिला होता: जंगल झाडी.

इथे जाणकाराला पुढचं लगेच कळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून सरकारी दफ्तरात जंगल म्हणून नोंदलेली जमीन, मालकी कुणाचीही असो, 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली येते, म्हणजे तिच्या वापरासाठी वन मंजुरी लागते. कंपनीकडे होती ती स्टेज-टू मंजुरी लीजच्या आतल्या क्षेत्राची. बाहेरच्या रस्त्यासाठी अर्जसुद्धा केलेला नव्हता. म्हणजे खाण कायदेशीर, सायडिंग कायदेशीर आणि मधला रस्ता बेकायदा. असं खनिज खड्ड्याच्या काठावर ढीग होऊन पडतं आणि व्याजाचं मीटर चालू राहतं.

बैठकीत मी मागणी केली की रस्त्याची वन मंजुरी पहिल्या डिस्बर्समेंटची सीपी करा, म्हणजे पैसे सुटण्याआधीची अट. प्रवर्तकाच्या बाजूला एक नामांकित ज्येष्ठ वकील होते. ते म्हणाले, "मॅडम, नकाशे इंजिनिअरना बघू द्या. वकिलानं कागद वाचावा." त्यांना ती सीएस करून हवी होती, म्हणजे पैसे आधी घ्यायचे आणि सहा महिन्यांत मंजुरी आणून द्यायची. मार्चएंड तोंडावर असल्याने बँकेतल्याही काही जणांना ते सोयीचं वाटत होतं. मी तो मुद्दा टायटल रिपोर्टच्या (हक्क तपासून वकिलाने दिलेल्या अहवालाच्या) जोडपत्रात न टाकता पहिल्या पानावर लिहिला आणि काढायला नकार दिला. माझ्या पार्टनरकडे माझी तक्रारही गेली. त्यांनी नकाशा मागवून घेतला, बघितला आणि माझ्या मागे उभे राहिले.

शेवटी ती सीपी झाली. मंजुरी येईपर्यंत जो खर्च होईल तो प्रवर्तकाने स्वतःच्या भांडवलातून करायचा, असं ठरलं. मंजुरीला सहा महिने कुठले, कितीतरी जास्त वेळ लागला. त्या सगळ्या काळात बँकांचा एक रुपयाही अडकला नाही, आणि प्रवर्तकावरही न चालणाऱ्या खाणीचं व्याज भरायची वेळ आली नाही. मंजुरी आली, कर्ज सुटलं, खनिज त्याच रस्त्याने सायडिंगला गेलं. ते ज्येष्ठ वकील आजही परिषदांमध्ये म्हणतात की बँकांचे वकील प्रकल्प लांबवतात.

लांबवतो कोण, ते नियमगिरीला बघा. ओडिशात लांजीगडला अ‍ॅल्युमिनाची रिफायनरी आधी उभी राहिली आणि तिला बॉक्साइट पुरवणारी नियमगिरी डोंगरावरची खाण मंजुरीत अडकली. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. कारखाना तयार आणि त्याच्या माथ्यावरचा कच्चा माल कायमचा हातचा गेलेला. कोळशाचंही तेच. 24 सप्टेंबर 2014 ला 218 पैकी 204 कोळसा खाणपट्टे सर्वोच्च न्यायालयाच्या एका आदेशाने रद्द झाले. त्यांच्या भरवशावर वीजप्रकल्पांना दिलेल्या कर्जांचे करार मी वाचले आहेत. इंग्रजी निर्दोष होतं. पण खाणपट्टा मुळात ज्या पद्धतीने वाटला गेला ती पद्धत कायद्यात बसते का, हा प्रश्न टायटल रिपोर्टमध्ये कुणी विचारलेला दिसला नाही. वाटपपत्र आहे, म्हणजे हक्क आहे, एवढ्यावर काम झालं होतं. गोव्यातही 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि त्या वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. त्या लीजही कागदावर चालूच होत्या.

कर्ज थकलं तर तारण आहेच, असं कुणी म्हणेल. खाणीचं लीज गहाण ठेवून घेता येतं, पण ते विकून वसुली करायची तर घेणारा पात्र लागतो आणि हस्तांतराला राज्य सरकारची मंजुरी लागते. एमएमडीआर कायद्याचं, म्हणजे खाणी आणि खनिजांच्या कायद्याचं, कलम 12ए नीट वाचा. दिवाळखोरीच्या काळात केवळ त्या कारणावरून लायसन्स किंवा कन्सेशन (सरकारने दिलेला प्रकल्पाचा हक्क) काढून घेता येत नाही, हे 2020 च्या आयबीसी, म्हणजे दिवाळखोरी कायद्याच्या, दुरुस्तीने स्पष्ट झालं ते चांगलंच झालं. पण चालू देणी भरत राहिलात तरच हं. आणि मुळात सदोष असलेला हक्क त्यामुळे शुद्ध होत नाही.

माझा जुना वाद रिझर्व्ह बँकेने माझ्या बाजूने निकालात काढला, असं मी मानते. 19 जून 2025 ला आलेले आणि 1 ऑक्टोबरपासून लागू झालेले प्रोजेक्ट फायनान्सचे निर्देश वाचा. लागू असलेल्या मंजुऱ्या फायनान्शियल क्लोजरच्या, म्हणजे प्रकल्पाचा सगळा निधी पक्का होण्याच्या, आधी हातात हव्यात. पैसे सोडण्याआधी पीपीपी (सरकारी-खासगी भागीदारीच्या) इन्फ्रा प्रकल्पात किमान 50 टक्के आणि इतर बहुतेक प्रकल्पांत किमान 75 टक्के जमीन किंवा राइट ऑफ वे, म्हणजे जाण्यायेण्याचा हक्क, ताब्यात हवा. राइट ऑफ वे हा शब्द त्यात आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मात्र माझ्या त्या खाणीचा रस्ता एकूण जमिनीच्या मानाने इतका लहान होता की तो 25 टक्क्यांच्या सवलतीत सहज बसला असता. टक्केवारी पूर्ण झाली म्हणून नकाशा बघायचं सोडू नका.

एलएलएमबद्दल. लागत नाही. परदेशी बँका आणि एक्स्पोर्ट क्रेडिट एजन्सी (आपल्या देशाच्या निर्यातीला पतपुरवठा करणाऱ्या संस्था) असलेल्या, इंग्लिश लॉवर चालणाऱ्या व्यवहारांतच काम करायचं असेल तर उपयोग होतो. इक्वेटर प्रिन्सिपल्सची, म्हणजे प्रकल्पांच्या पर्यावरणीय-सामाजिक जोखमीबद्दल बँकांनी स्वीकारलेल्या तत्त्वांची, भाषाही तिथे रोज लागते, पण ती नोकरीत शिकता येते. त्या वर्षात महसुली नोंदी वाचायला शिका आणि एक्सेल मॉडेल उघडून त्यातलं प्रत्येक गृहीतक कुठल्या कागदावर उभं आहे ते शोधायची सवय लावा. हे दुसरं जवळपास कुणी करत नाही.

हे सगळं बँकेच्या बाजूने आणि मुख्यतः खाणींबद्दल लिहिलंय, हे ध्यानात घ्या. राष्ट्रीय महामार्गाच्या कन्सेशनमध्ये जमीन मिळवून द्यायची जबाबदारी प्राधिकरणाची असते आणि रस्ता गहाण ठेवताच येत नाही. तिथे बँकेचा सगळा भरवसा एस्क्रो (कमाईचं राखीव खातं), सबस्टिट्युशन अ‍ॅग्रीमेंट (कंत्राटदाराच्या जागी दुसरा आणायचा करार) आणि टर्मिनेशन पेमेंटवर (कन्सेशन संपवल्यास मिळणाऱ्या भरपाईवर) असतो, त्यामुळे ड्राफ्टिंगचं वजन बरंच जास्त. तुमच्या सीनिअरनी तसंच काम केलं असेल तर त्यांचं म्हणणं मी थोडंफार समजू शकते.

इंटर्नशिपच्या मुलाखतीत मात्र एक विचारा: टायटल रिपोर्ट लिहिणारा वकील साइटवर जातो का? 'ते लोकल काउन्सेल (स्थानिक वकील) बघतात' असं उत्तर आलं तर दुसरी फर्म शोधा. लोकल काउन्सेलशिवाय माझंही पान हललं नसतं, पण मी त्यांच्या शेजारी बसून वाचलं होतं.