क्लिप नेमकी कधी निघते?

"मॅडम, एवढी महागाची क्लिप करून घेतली, पण मुलगा घालतच नाही. ओरडून झालं, समजावून झालं. आता काय करू?"

दातांची काढता-घालता येणारी क्लिप दिलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात ते बहुधा हाच प्रश्न घेऊन. वरवर पाहता हा दातांच्या डॉक्टरांचा विषय. पण डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवलेलं असतं, कारण क्लिप कितीही चांगली बनवली तरी ती तोंडात असेल तेवढाच वेळ काम करते. अथर्वची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अथर्व सातवीत, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, आई घर सांभाळून दुकानाचे हिशेब बघते, घरात आजी. त्याचे वरचे पटाशीचे दात बरेच पुढे आणि खालचा जबडा मागे. वरचे पुढचे दात खालच्या दातांपेक्षा साधारण २ ते ३ मिलिमीटर पुढे असतात. त्याचं हे अंतर ९ होतं. ओठ मिटायलासुद्धा त्याला जोर लावावा लागायचा. ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडे जागेवर आणणाऱ्या तज्ज्ञांनी, त्याला ट्विन ब्लॉक दिला होता. वर एक आणि खाली एक अशा ॲक्रिलिकच्या दोन प्लेटा, दोन्हींवर उतरते ठोकळे. दात मिटताना त्या उतारावरून खालचा जबडा आपसूक पुढे सरकतो आणि पुढेच टेकतो. १९७७ साली स्कॉटलंडमधल्या विल्यम क्लार्क या डॉक्टरांनी ही पद्धत काढली आणि आज आपल्याकडेही ती सर्रास वापरली जाते. मूल उंचीला झपाट्याने वाढत असतं तेव्हा तिचा उपयोग जास्त होतो. मुलींमध्ये हा काळ साधारण १० ते १२ वर्षांचा, मुलांमध्ये १२ ते १४. अथर्व बरोबर त्या वयात होता, म्हणून तर घरच्यांचा जीव वरखाली होत होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ब्रश करताना, जेवताना आणि खेळताना सोडून दिवसरात्र घालायची, वीस तासांच्या वर. अथर्व म्हणायचा, "घालतो की." पण काही महिने झाले तरी माप जवळपास तेच. डॉक्टरांना न सांगताही कळतं. रोज घातलेली प्लेट टचकन जागेवर बसते, तिच्यावर चावल्याच्या खुणा पडतात. अथर्वची प्लेट नव्यासारखी चकचकीत होती आणि ती घालून तो बोलायला लागला की जीभ अजून अडखळत होती.

माझ्यासमोर वडील पहिलं वाक्य बोलले ते पैशांचं. "हप्त्याहप्त्याने भरतोय आम्ही, आणि हा दप्तरात टाकून फिरतो." आईचं दुःख वेगळं होतं. "कधी खोटं न बोलणारं पोर, मॅडम. क्लिपवरनंच खोटं बोलायला शिकलं." अथर्व खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने उचकटत बसला होता. मोबाइल काढून घेतला होता, सायकलचं आमिष दाखवून झालं होतं, "तुझ्याच चांगल्यासाठी" हे तर रोजचंच.

क्लिपच्या आत संवेदक बसवून परदेशात हे मोजून पाहिलंय. मुलं जितके तास घालतो म्हणून सांगतात त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी घालतात, आणि चांगली अभ्यासू, शिस्तीची मुलंही त्यात असतात. हे मी आईवडिलांना पहिल्याच भेटीत सांगते, कारण आपलाच मुलगा बेजबाबदार निघाला या समजुतीने घरातलं निम्मं वातावरण बिघडलेलं असतं.

मग अथर्वशी एकट्याशी बोलले. त्याने परवानगी दिल्याशिवाय त्याचं बोलणं बाहेर जाणार नाही, हे आधी सांगितलं. "का घालत नाहीस?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्याला मुलांकडे एकच उत्तर असतं, "विसरतो". एक कागद घेतला, त्यावर सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतची एक आडवी रेघ मारली आणि म्हटलं, क्लिप तोंडात असते तेवढा भाग पेन्सिलीने रंगव. त्याने रात्र रंगवली. सकाळी आई समोर असते तो अर्धा-पाऊण तास रंगवला. संध्याकाळचा थोडा भाग रंगवला, मग जरा खोडला. शाळेचा सगळा भाग कोरा.

"निघते कुठे?"

"रिक्षात."

"शाळेत पोचायच्या आधीच?"

"परिपाठाच्या आधी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेच्या परिपाठात माइकवर बातम्या वाचायचा मान अथर्वचा. पाचवीपासून तोच वाचतो. क्लिप लागली त्या दिवशी तो माइकसमोर उभा राहिला आणि "आजच्या ठळक बातम्या"मधला च तोंडातून भलताच निघाला, पुढच्या वाक्यात 'स'चा 'श' झाला, मध्येच थुंकी आली. रांगेतून हसू फुटलं. बाई काही वाकडं बोलल्या नाहीत, "बरं नाहीये का? आज दुसरं कुणीतरी वाच" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याने रिक्षातच क्लिप काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि बातम्या नेहमीसारख्या वाचल्या.

"मग परिपाठ झाल्यावर परत का नाही घातली?"

यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "घालताना तोंड वेडंवाकडं होतं. वर्गात सगळे बघतात. आणि डब्याच्या वेळी काढली की लाळेची तार येते."

मोठ्या माणसाला वाटेल, एवढंच ना? कुणी मारलं नाही, कुणी टोकाचं छळलं नाही. पण बारा वर्षांच्या मुलाची शाळेत ओळखच ज्या गोष्टीवर उभी आहे, नेमकी तीच त्या क्लिपने हिसकावली होती. अथर्वला आपल्या दातांची लाज नव्हती. त्याला "बातम्या वाचणारा अथर्व" राहायचं होतं. घरी मात्र सगळे त्याला दिसण्याबद्दल समजावत होते. मोठेपणी किती छान दिसशील, फोटो कसे येतील. त्याच्या अडचणीशी या बोलण्याचा काही संबंधच नव्हता.

आणि इथेच एक पेच होता, जो त्याला कुणी नीट सांगितला नव्हता. जिभेला तोंडातल्या नव्या वस्तूची सवय काही दिवसांत होते, फार तर दोनेक आठवड्यांत. पण ती सतत तोंडात असली तर. रात्री घालायची आणि सकाळी काढायची असं चाललं की जीभ रोज नव्याने सुरुवात करते. बोलणं अडखळतं म्हणून तो काढत होता, आणि काढत होता म्हणूनच बोलणं अडखळत राहिलं होतं. हे सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "म्हणजे हे असंच राहणार नाही?" त्याला वाटत होतं की क्लिप आहे तोवर, म्हणजे वर्षभर, आपलं बोलणं असंच राहणार.

पुढचं सगळं त्यानेच ठरवलं, मी फक्त विचारत गेले. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. सुट्टीत पूर्णवेळ घालायची आणि रोज मोठ्याने वाचायचं. कुणासमोर? आजीसमोर. आजींना बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे रोजचा पेपर वाचून दाखवायला त्यांना कुणीतरी हवंच होतं. 'स', 'श', 'च', 'झ' ज्यात जास्त येतात अशा शब्दांची त्याने यादी केली. चष्मा, चमचा, शेंगदाणे, झणझणीत, सासुरवाशीण. आजी या सासुरवाशिणीवर भारी खूश झाल्या.

वर्गशिक्षिकांशी बोलायला त्याने आईला परवानगी दिली, एका अटीवर: वर्गात सगळ्यांसमोर काही सांगायचं नाही. बाईंनी चटकन समजून घेतलं. डब्याआधी दोन मिनिटं लवकर सोडायचं, म्हणजे नळाजवळ गर्दी व्हायच्या आत क्लिप काढून धुता येते. सुट्टीनंतर गरज वाटली तर बातम्यांपुरती पाच मिनिटं क्लिप काढायची मुभा डॉक्टरांनीही दिली. आणि कागदी रुमाल बंद. तोंडात नाही तर घट्ट झाकणाच्या डबीत, तिसरी जागा नाही. रुमालात गुंडाळलेल्या कितीतरी प्लेटा उष्ट्या कागदांबरोबर कचऱ्यात जातात. धुवायची ती साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. कडक पाण्याने ॲक्रिलिक वाकडं होतं.

आईवडिलांना मी एकच गोष्ट मागितली, आणि तीच त्यांना सगळ्यात जड गेली. "घातलीस का?" हा प्रश्न घरातून बंद करायचा. तास अथर्व स्वतः वहीत लिहील आणि ती वही डॉक्टर बघतील. आई म्हणाली, "आणि खोटं लिहिलं तर?" मी म्हटलं, प्लेट आणि माप खोटं बोलत नाहीत, ते डॉक्टरांना कळेल. तुम्ही पोलीस झालात की त्याचं सगळं डोकं पकडलं न जाण्यात खर्च होतं.

वडिलांशी वेगळं बोलले. पैशांची काळजी खरी होती, ती मी झटकली नाही. दुकानातल्या माणसाला हप्ता म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण बोलता बोलता लक्षात आलं की त्यांच्या रागाच्या मुळाशी पैसा नाहीच. त्यांच्या पुढच्या दातावर कॅप आहे. त्यांचेही दात असेच पुढे होते. पाचवीत सायकलवरून पडले आणि दात अर्धा तुटला. पुढे आलेल्या दातांना पडण्या-धडपडण्यात मार बसण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दुपटीने असतो, आणि अथर्व तर शाळेत खो-खो खेळतो. प्रत्येक सामन्याला वडिलांच्या पोटात गोळा यायचा. हे त्यांनी मुलाला कधी सांगितलं नव्हतं. "सांगा की त्याला," एवढंच मी म्हटलं. त्यांनी सांगितलं. अथर्वने मला पुढच्या भेटीत विचारलं ते बोलण्याविषयी किंवा क्लिपविषयी नव्हतं. "बाबांना तेव्हा खूप दुखलं असेल ना?"

आजींची शंका वेगळीच होती. पुढे तारा लावताना डॉक्टर दात काढायला सांगतील आणि वरचा दात काढला की नजर जाते, ही त्यांची पक्की समजूत. "माझी वरची दाढ काढली त्याच साली चष्मा लागला." ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून नीट सांगते. डोळ्यांना दिसतं ते मेंदूकडे नेणारी नस वेगळी, दातांची जाणीव नेणारी वेगळी. एकीला धक्का लागून दुसरी बिघडत नाही. चाळिशीच्या आसपास दाढाही किडतात आणि चष्माही लागतो, म्हणून दोन्हींचा संबंध जोडला जातो. आणि प्रत्येक मुलाचे दात काढावे लागतात असंही नाही. जागा किती कमी आहे, जबडा कसा आहे हे एक्स-रे आणि साच्यांवरून बघून ते ठरतं.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा अथर्वचं बोलणं बरंच सुधारलं होतं, पूर्ण नाही. पहिले काही दिवस तो बातम्यांपुरती क्लिप काढायचा. मग एकदा डबी घरी विसरला आणि क्लिप घालूनच वाचलं. कुणी हसलं नाही. बहुतेकांना कळलंही नाही. त्यानंतर काढायचं त्यानेच सोडलं. सगळं सरळ रेषेत झालं असं मात्र नाही. एका लग्नात खालची प्लेट ताटाबरोबर गेली आणि नवी करावी लागली. परीक्षेच्या दिवसांत वहीतले तास घसरले. पण माप बदलत गेलं. वर्षाच्या शेवटी ९ चं अंतर ४ वर आलं होतं.

अशा गोष्टी ऐकून काही पालक विचारतात, मग सरळ फिक्स तारा का लावू नयेत, काढायचा प्रश्नच नको. तारा दात सरकवतात, तेही महिन्याला साधारण एखादा मिलिमीटर. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या वयात त्याला मदत करायचं काम वेगळं आहे. आणि तारांमध्येही मुलाच्या मर्जीशिवाय चालत नाहीच. नीट ब्रश केलं नाही तर ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याभोवती, पांढरे डाग पडतात, चिक्की, ऊस, भाजलेलं कणीस खाल्लं की ब्रॅकेट निघतं, रबर लावायला सांगितले तर ते स्वतःच लावायचे असतात.

म्हणून माझं आईवडिलांना कळकळीचं सांगणं आहे, माप द्यायला जाण्याच्या आधी मुलाला विचारा. डॉक्टरांनाही त्याच्यासमोर सांगू द्या की काय होणार, किती दिवस बोलणं अडेल, किती दुखेल. मूल ठाम नाही म्हणत असेल तर काही महिने थांबलं म्हणून बहुतेक वेळा काही बिघडत नाही. किती थांबता येईल ते डॉक्टर सांगतील. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसते म्हणून घाबरून धावणारेही येतात. ती पुष्कळदा वरचे सुळे खाली येताना आपोआप बुजते. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तज्ज्ञांना दाखवून ठेवावं. दाखवलं म्हणजे लगेच काही लावतात असं नाही. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतात. मात्र तिथे वेळ लागतो आणि फेऱ्या होतात, त्या हिशेबात धरा.

मूल क्लिपच नव्हे तर शाळाच टाळत असेल, डबा परत आणत असेल, मित्र तुटले असतील, तर तो विषय क्लिपचा राहत नाही. तेव्हा "दात झाले की सगळं ठीक होईल" म्हणून वाट बघू नका. शाळेशी बोला, समुपदेशकाकडे या.

अथर्वला आता फिक्स तारा बसल्या आहेत. रबरांचा रंग दर वेळी तो स्वतःच निवडतो. आजींना निळा आवडत नाही, म्हणून मुद्दाम निळा. आईने परवा फोन केला तो रिटेनरसाठी. तारा निघाल्यावर दात पुन्हा जुन्या जागी सरकू पाहतात, म्हणून रिटेनर घालावा लागतो, सुरुवातीला जवळजवळ पूर्णवेळ आणि नंतर रात्री, बरीच वर्षं. "तो घालेल ना हो?" आईने विचारलं. मी म्हटलं, अजून वेळ आहे, पण हा प्रश्न मला नको, त्याला विचारा. तिने त्याच संध्याकाळी विचारलं. तो म्हणाला, आधी डॉक्टरांना विचारून सांगतो की त्याने बोलणं किती दिवस अडतं.