चेंडू नसलेल्याला धरणे

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात शिकतो. त्याच्या आग्रहावरून मी शनिवारी रात्री जागून तिथल्या कॉलेज फुटबॉलचा एक सामना पाहिला. तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या संधीला, 13 यार्ड हवे असताना फेकलेला चेंडू कुणाच्याच हाती लागला नाही. तरीही पंचांनी पिवळा रुमाल टाकला, 10 यार्ड दिले आणि नव्याने पहिला डाउन बहाल केला. हवे 13, मिळाले 10. मग हिशेब कसा जुळला?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपण पाहिलेला दंड डिफेन्सिव्ह होल्डिंगचा, म्हणजे बचावपटूने चेंडू नसलेल्याला धरण्याचा, असणार. कॉलेजच्या नियमांनुसार या गुन्ह्याला 10 यार्ड, म्हणजे सुमारे 9 मीटर, आणि त्याशिवाय आपोआप मिळणारा पहिला डाउन असा दुहेरी दंड आहे, आणि डाउनचा यार्डांच्या हिशेबाशी संबंध नसल्यामुळे 3 यार्ड कमी पडले तरी आक्रमक संघाला चार नव्या संधी मिळतात. 2022 पूर्वी हा पहिला डाउन प्रत्येक वेळी मिळत नसे. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये यार्ड 5च, पण पहिला डाउन तिथेही मिळतो.

कबड्डी पाहत वाढलेल्या आपल्या कोकणातल्या माणसाला मुळात धरणे हा गुन्हा कसा, हेच पटत नाही. घोट्याची पकड म्हणजे आपल्याकडे बचावाचे भूषण. पण चढाईला एकच गडी येत असल्याने धरायचे कुणाला हा प्रश्न कबड्डीत उद्भवत नाही. इथे आक्रमणाला अकरा जण असतात आणि चेंडू एकाजवळच असतो. त्या एकाला कमरेत धरून खाली पाडले तरी चालते. झेलासाठी धावणाऱ्या रिसीव्हरची जर्सी मात्र ओढता येत नाही. चेंडू हवेत असताना त्याला अडवले, तर तो बहुधा पास इंटरफेरन्स हा निराळा गुन्हा ठरतो आणि त्याचा दंड कॉलेजमध्ये 15 यार्डांपलीकडे जात नाही.

खरी गुंतागुंत पुढच्या फळीत आहे. चेंडू असलेल्या खेळाडूपर्यंत पोहोचण्यासाठी बचावपटूने वाटेतल्या ब्लॉकरला, म्हणजे वाट अडवणाऱ्या आक्रमक खेळाडूला, ओढून बाजूला सारले तर ते वैध आहे. स्वतः पुढे न जाता त्याला नुसते धरून ठेवले आणि साथीदाराला वाट मोकळी करून दिली, तर ते होल्डिंग होय. त्या गर्दीत हा फरक पडद्यावर क्वचितच दिसतो, आणि अनेकदा माझाही अंदाज चुकतो.

रुमाल पडल्यावर मुख्य पंचाने एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरलेले दिसले, की होल्डिंग समजावे. ही खूण दोन्ही संघांसाठी एकच असल्यामुळे दंड कुणाला झाला हे कळण्यासाठी चेंडू कोणत्या दिशेला सरकवला जातो, तेही पाहावे.