तोट्यांच्या रकान्यात एकच ओळ

मावशी, मी ४१ वर्षांची. उंची १६० सेंटिमीटर, वजन १०८ किलो. डाएट, चालणं, सगळं करून झालं; दहा किलो उतरतात, बारा चढतात. गेले सात महिने घरातले सगळे झोपले की मी वजनाच्या ऑपरेशनांबद्दल वाचत बसते. त्यात एक नवा प्रकार सापडलाय. जठर कापत नाहीत, आतल्या बाजूला दुमडून टाके घालतात. नको वाटलं तर टाके उसवता येतात म्हणे. एका डॉक्टरांना भेटून आले, ते करायला तयार आहेत. पण आमच्याकडे 'ऑपरेशन' हा शब्दच चालत नाही. माझ्या ताईने पंधरा वर्षांपूर्वी पोटात जठराभोवती पट्टा बसवून घेतला होता. तो सरकला, उलट्यांनी तिचे हाल झाले, शेवटी काढावा लागला. तिला कळलं तर ती आकाशपाताळ एक करेल. वहीची चार पानं सोबत पाठवतेय. वाचून एवढंच सांगा, करू का?
— रात्रीची अभ्यासू

अगं अभ्यासू,

वही वाचली. कुठल्या ओळी रात्री दोनच्या आहेत ते अक्षराच्या उतारावरून कळतं. तिसऱ्या पानावर तू दोन रकाने पाडलेस. फायद्यांखाली अकरा ओळी. तोट्यांखाली एकच : 'ताईला कळलं तर.' सात महिने वाचून एका ऑपरेशनात तुला एकही वैद्यकीय तोटा सापडू नये, इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आधी एक गोष्ट निकालात काढते. ऑपरेशनचा विचार करण्यात लाज वाटावी असं काही नाही. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४२ च्या वर जातो. १९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी अशा ऑपरेशनसाठी ४० ची रेघ आखली होती, सोबत दुसरा आजार असेल तर ३५ ची. २०२२ मध्ये वजनाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या संघटनांनी ती सरसकट ३५ वर आणली. तू दोन्ही रेघांच्या पलीकडे आहेस. तेव्हा 'जरा तोंडावर ताबा ठेव' म्हणणाऱ्यांना खुशाल ऐकून न ऐकल्यासारखं कर. मी पुढे जे लिहिणार आहे ते फक्त या एका ऑपरेशनाबद्दल.

तू म्हणतेस त्याला गॅस्ट्रिक प्लायकेशन म्हणतात. जठराची बाहेरची मोठी कड मोकळी करून आत ढकलतात आणि ती घडी न विरघळणाऱ्या टाक्यांनी पक्की करतात. पिशवी लहान होते. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात जवळपास तीन चतुर्थांश जठर कापून काढून टाकतात, इथे काहीच काढत नाहीत. ऐकायला छानच. पण स्लीव्हमुळे भूक कमी होते ती फक्त पिशवी लहान झाली म्हणून नव्हे. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठराच्या ज्या वरच्या भागात सर्वाधिक तयार होतं, तो भागच शरीराबाहेर जातो. प्लायकेशनमध्ये तो घडीत गुंडाळलेला का होईना, आतच असतो. शिवाय घडी सुजते, मग उलट्या होतात. कधी दोन टाक्यांच्या मधून ती बाहेर फुगते, कधी हळूहळू सैल पडते आणि वजन परत येतं. अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक, म्हणजे वजनाच्या, सर्जनांच्या संघटनेने २०११ साली याला प्रायोगिक म्हटलं होतं, ते पुरेसा पुरावा हाती नव्हता म्हणून.

आता 'उसवता येतात'. कपड्याची शिलाई उसवली की कापड होतं तसं होतं. पोटाच्या आत तसं नसतं. दुमडलेले पृष्ठभाग काळाने एकमेकांना चिकटतात. पहिल्या काही दिवसांत टाके सोडवणं वेगळं आणि पाच वर्षांनी वेगळं. पाच वर्षांनी ते दुसरं ऑपरेशन असतं, आणि बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा अवघड.

वहीत एका जागी तू '५० टक्के वजन कमी!' असं लिहून खाली दोनदा रेघ मारलीस. हा आकडा जरा सोलून बघ. ते ५० टक्के 'जादा' वजनाचे असतात. तुझ्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६४ किलो. म्हणजे तुझं जादा वजन ४४, त्याचं निम्मं २२. एकूण वजनाच्या हिशेबात हे झाले २० टक्के. १०८ वरून ८६. वाईट नाहीच, पण तुझ्या डोळ्यांसमोर ५४ होते, हो ना? आणि तो आकडा कितव्या महिन्याचा, हेही बघ. पहिल्या वर्षी सगळीच ऑपरेशनं गोड दिसतात. शंभर जणांवर केलं आणि पाचव्या वर्षी त्यातले चाळीसच तपासणीला आले असतील, तर बाकीच्या साठ जणांचं काय झालं हा खरा प्रश्न. ज्यांचं बिनसतं ते बऱ्याचदा त्याच दारात परत जात नाहीत.

नवं म्हणजे वाईट, असं मात्र माझं अजिबात म्हणणं नाही. आज जगात सर्वाधिक होणारं स्लीव्ह मुळात एका मोठ्या ऑपरेशनचा फक्त पहिला टप्पा होतं. फार वजनाच्या लोकांवर दोन टप्प्यांत करायचं म्हणून आधी तेवढंच केलं, आणि काहींना दुसऱ्याची गरजच पडली नाही. उलट उदाहरणही आहे. १९६०-७० च्या दशकांत लहान आतड्याचा बराचसा भाग बाजूला टाकणारा एक बायपास जोरात होता. वजन धडाधड उतरायचं. मग पुढच्या काही वर्षांत लिव्हर निकामी होणं, मूतखडे, सांधेदुखी असं एकेक समोर आलं आणि ते ऑपरेशन बंद पडलं. दोन्हींचा निकाल वर्षांनी लागला, महिन्यांनी नाही.

म्हणून त्या डॉक्टरांना विचार : हे तुम्ही ट्रायल म्हणून करताय का? हो म्हणाले तर उलट बरं. ट्रायल असेल तर नैतिकता समितीची परवानगी असते, माहितीपत्रक असतं, कोणी तरी बाहेरचं हिशेब तपासतं, आणि तुला कधीही बाहेर पडता येतं. पण प्रायोगिक ऑपरेशन रोजच्यासारखं करत असतील, तर प्रयोग तुझ्यावर होतोय आणि त्याची नोंद कुठेच नाही. मग पुढचं विचार. तुम्ही स्वतः किती केलीत, पाच वर्षांपूर्वीच्या पेशंटांपैकी किती अजून येतात, हे फसलं तर यानंतर काय करता येईल, आणि माझ्यासारखीला स्लीव्ह किंवा आजचा गॅस्ट्रिक बायपास (तो जुना बंद पडलेला नव्हे) का नको? गेल्या काही वर्षांत आलेली वजनाची इंजेक्शनं का नकोत, हेही. चिडले, तर उत्तर मिळालं असं समज. संमतिपत्र घरी आणून वाच. माझ्या पित्ताशयाच्या वेळी 'इथे सही, इथे सही' म्हणत पुढे केलेल्या कागदांवर मी मुकाट सह्या ठोकल्या. नंतर चष्मा लावून पाहिलं तर एका पानावर दुसऱ्याच बाईचं नाव होतं!

तर, करू का? आत्ता नाही. या उत्तरांशिवाय तर नाहीच.

आता ताई. तुझ्या फायद्यांच्या अकरा ओळींतल्या पहिल्या तीन अशा आहेत : काही कापत नाहीत, काही काढत नाहीत, नको असेल तर परत फिरता येतं. ताईच्या पट्ट्याबद्दलही त्या काळात शब्दशः हेच सांगत. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पुढे काही वर्षं तो फार चालला, आणि मग कुणाचा सरकला, कुणाचा जठरात रुतला, कितीतरी काढावे लागले. आज तो क्वचितच बसवतात. तू रात्री-अपरात्री अनोळखी माणसांचे अनुभव शोधत बसतेस, आणि असल्याच आश्वासनावर भरवसा ठेवून पंधरा वर्षांपूर्वी टेबलावर झोपलेली बाई तुझ्या सख्ख्या नात्यातली आहे. तिला कुणी धड विचारलंच नसेल. 'तरी सांगत होतो' एवढंच ऐकवलं असेल सगळ्यांनी.

ती आधी ओरडेल. ओरडू दे. मग तिला विचार की तिला काय सांगितलं होतं आणि काय सांगितलं नव्हतं, पहिली उलटी झाली तेव्हा तिने कुणाला फोन केला आणि तो उचलला का, पट्टा काढल्यावर वजनाचं काय झालं. डॉक्टरांना भेटायला जाशील तेव्हा तिलाच सोबत ने. तिच्याइतके टोकदार प्रश्न तुला सुचणार नाहीत.

येत्या रविवारी जा तिच्याकडे. वही ने. तिसरं पान उघडून समोर ठेव आणि पेन तिच्या हातात दे.

— मावशी