लग्नात पाऊस आला तर जोडीचे फोटो थांबवावेत का?

तुमचा प्रश्न असा: मित्राचं लग्न उघड्यावर आहे, अंदाज पावसाचा आहे, कॅमेरा एकच, फ्लॅश एकच. रेन कव्हर कोणतं घ्यावं, आणि पाऊस आला तर जोडीचे फोटो तो थांबेपर्यंत पुढे ढकलावेत का?

कव्हरचं पुढे बघू. ढकलू मात्र नका.

इतकं ठासून सांगतेय, कारण "पाऊस थांबला की काढू" हे वाक्य मी ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या सरांचं होतं. माणूस तयारीचा. गर्दीत कोण कधी हसणार हे त्यांना आधी कळायचं. पण आभाळ भरून आलं की कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायचा आणि खुर्ची ओढून बसायचं, ही त्यांची पद्धत. सीलिंगवाली, म्हणजे सांध्यांत रबर बसवून पाणी अडवणारी, महागडी कॅमेरा बॉडी घेतल्यावरही हेच.

असंच एक लग्न होतं. लॉनवरचं सगळं उचलून आत हॉलमध्ये नेलं, तिथपर्यंत ठीक. जोडीचे फोटो मात्र संध्याकाळच्या उजेडात बाहेर काढायचे ठरले होते आणि पावसाने दुपारपासूनच सुरुवात केली होती. सर म्हणाले, "पंधरा मिनिटं थांबू, उघडेल." मग आणखी पंधरा मिनिटं. नवरा फोनमध्ये शिरला. नवरीला कुणीतरी खुर्ची दिली, ती बसली, आणि बसल्यावर दिवसभराचा थकवा तिच्या चेहऱ्यावर उतरला. मावशी दोनदा येऊन विचारून गेल्या, "किती वेळ अजून?" या सगळ्यात उजेडाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ढग दाट असले की संध्याकाळ हळूहळू होत नाही, एकदम होते. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 800 वर सहज निघणारा फोटो थोड्याच वेळात 6400 मागायला लागतो.

बॅग सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. ती खांद्याला लावूनच मी हॉलच्या मागच्या बाजूला गेले. तिथे एक पोर्च होता. वर पक्कं छप्पर, आत एक ट्यूबलाइट, कडेवरून पाण्याची धार, समोर पार्किंग आणि त्यामागे काळीभोर झाडं. मला हवं होतं ते सगळं तिथे होतं, कारण पाऊस फोटोत दिसायला दोनच गोष्टी लागतात: मागून उजेड आणि मागे अंधार.

परत येऊन मी थेट नवरीलाच विचारलं, "पाच मिनिटं येता? भिजणार नाही." ती उठलीच. नवराही आला. सर तेव्हा चहूकडे आभाळ बघत होते.

दोघांना पोर्चच्या शेवटच्या पायरीवर उभं केलं, छपराच्या आत, माझ्याकडे तोंड करून. फ्लॅश पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबर लावला, छोट्या स्टँडवर चढवून बाहेर पावसात ठेवला. दोघांच्या बरोबर मागे, कमरेच्या उंचीवर, तोंड माझ्याकडे. दोघं जवळ उभे राहिले की स्टँड त्यांच्या आड लपतो. मी पोर्चमध्ये आत. म्हणजे जोडी कोरडी, कॅमेरा कोरडा, मीही कोरडी. भिजला तो फक्त फ्लॅश.

आकडे हवे असतील तर: शटर सेकंदाचा 1/100, लेन्सचं छिद्र एफ 2.8, आयएसओ 3200, फ्लॅश मॅन्युअलवर, पूर्ण ताकदीच्या 1/32. चेहऱ्यांवर उजेड ट्यूबलाइटचा. शटर 1/100 का, तर वीज 50 हर्ट्झची असली की जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, आणि शटर त्याहून जलद केलं की एक फ्रेम पिवळी, एक अंधारी असा खेळ सुरू होतो. थेंब धूसर होतील ही भीती नको. ते शटर गोठवत नाही, फ्लॅश गोठवतो. इतक्या कमी पॉवरवर तो सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागापुरताच पेटतो. नवरीने मान वळवून नवऱ्याच्या कानात काहीतरी म्हटलं, तो खदखदून हसला, आणि मागे प्रत्येक थेंब वेगळा दिसत होता. केसांच्या कडेला पांढरी रेघ.

सर तोवर बाहेर आले होते. स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "गिमिक आहे हे. पाऊस थांबला असता तर नीट आला असता."

पाऊस आम्ही सामान गाडीत भरत होतो तेव्हाही पडतच होता. आणि तो "गिमिक" पुढे सरांच्या स्टुडिओत दारासमोरच मोठा करून लागला. नाव अर्थातच स्टुडिओचं. त्याबद्दल तक्रार नाही, असिस्टंटच्या फोटोचं तेच होतं. पण आजही भेटले की म्हणतात, "तो फोटो छान होता, फक्त पाऊस नको होता." पाऊस काढला तर त्यात उरतं काय? पार्किंग!

असो. तुमच्यासाठी.

फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवून समोरून पावसात मारू नका. लेन्सजवळचे थेंब आधी उजळतात आणि फोटोभर पांढरे गोळे येतात. शिवाय हॉट शू, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो ती खाच, ही पाणी शिरायची पहिली जागा, आणि फ्लॅशच्या पोटातला वीज साठवणारा कपॅसिटर तीनशेच्या आसपास व्होल्ट धरून बसलेला असतो. बाहेर ठेवलेल्या फ्लॅशची पिशवी बांधताना तिचं तोंड खाली येईल असं बघा आणि ओल्या हाताने बॅटऱ्या बदलू नका.

दिवसा फ्लॅशची गरजच नाही. "ढगाळ उजेड एकदम मऊ, कुठेही उभे करा" असं लोक सांगतात ते अर्धंच खरं. तो उजेड वरून येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावली बसते. माणसांना छपराखाली कडेपासून हातभर आत घ्या आणि तोंडं बाहेरच्या दिशेला करा. डोक्यावरचा उजेड छप्पर कापतं, समोरचा चेहऱ्यावर येतो. ग्रुप फोटोलाही हेच. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) 6500 केल्विनच्या आसपास ठेवा, नाहीतर सगळे आजारी दिसतात.

छत्र्या पांढऱ्या किंवा पारदर्शक. लाल छत्रीखाली चेहरा लाल होतो आणि तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ होत नाही, कारण अर्धा चेहरा लाल आणि अर्धा नाही. हे आधी सांगून ठेवा. ऐनवेळी काका बँकेने फुकट दिलेली छत्री घेऊन धावत येतात आणि त्यांना नाही म्हणणं अवघड असतं.

धुकं लेन्सवरही येतं. एसी हॉलमधून दमट हवेत एकदम आलात की काच पांढरी होते, पुसली की पुन्हा होते. निघायच्या वीसेक मिनिटं आधी कॅमेरा बंद बॅगेत घालून बॅग बाहेर, छपराखाली कुणाच्या तरी ताब्यात ठेवा. आणि त्या अवस्थेत लेन्स काढू नका. आतल्या बाजूला ओल धरली तर फडकं तिथे पोचत नाही. लेन्सच्या तोंडावरचं नळकांडं, म्हणजे हूड, लावाच. वाइड लेन्सचा हूड नावापुरता असतो, पाऊस तिरका असेल तर 85 किंवा 70-200 मिमीची लांब लेन्स बरी.

कव्हरबद्दल. छपराखाली उभे राहून काढणार असाल तर लागतच नाही. बाहेर जावंच लागलं तर प्लास्टिकची पिशवी, लेन्ससाठी भोक, हूडभोवती रबर. सीलिंग असलेली बॉडी म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. कॅननच्या महागड्या "एल" मालिकेतल्या काही लेन्सचं सीलिंग तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण होत नाही. सरांना हे माहीत नव्हतं. सांगितल्यावर आवडलंही नाही.

आता एक गोष्ट, जी खरं तर मी वरच लिहायला हवी होती. विजा असतील तर हे सगळं विसरा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी स्टँड, छत्री, नवरा-नवरी, सगळं पक्क्या इमारतीत. नुसता उघडा पोर्च त्याला चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. सोसाट्याचा वारा असेल तर स्टँड कुणाला तरी धरायला लावा, आणि बाहेरच्या दिव्याची वायर पाण्यातून गेली असेल तर त्या कोपऱ्यात माणसं उभी करू नका. नवरी थंडीने कुडकुडत असेल तर तेव्हाही फोटो पुढे ढकला.

एखादी जोराची सर दहा मिनिटांत ओसरणार हे रडारवर स्पष्ट दिसत असेल, तर थांबायलाही माझी हरकत नाही. सर, तुम्ही वाचत असाल तर, एवढंच तुमचं मान्य. पण त्या दहा मिनिटांत बसायचं नाही. नातेवाइकांचे फोटो, खिडकीतून बाहेर बघणारी मुलं, निथळणाऱ्या चपलांची रांग, हे कोण काढणार?

आणि आदल्या दिवशी जागा बघायला जाल तेव्हा पोर्चचा दिवा लावून बघा. ट्यूब आहे की पिवळा बल्ब, आणि स्विच कुठे आहे. तो बहुतेक वेळा कुलूपबंद खोलीत असतो आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका जेवायला गेलेला असतो. त्याचा नंबर घेऊन ठेवा.